केसभर जास्त

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात नगरात मला ओळखणारे लोक दोन प्रकारचे होते. एकांना मी कारखान्यात नोकरी करते याचं कौतुक होतं, आणि दुसऱ्यांना वाटत होतं की ही पोरगी आता लग्नाची राहिली. दुसरे जास्त होते. मी दोघांनाही भीक घातली नाही. आम्ही मूळचे काष्टीचे. वडील गेले तशी चुलत्यांनी जमीन कसायला घेतली, धाकटा भाऊ फौजेत जाऊन रणगाड्याचा ड्रायव्हर झाला, आणि मी आईला घेऊन नगरला दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. मी ट्रेसरचा कोर्स केला होता. मूळ ड्रॉइंगवर ट्रेसिंगचं पातळ कापड पसरायचं आणि शाईनं रेघ न् रेघ उतरवून घ्यायची, हे माझं काम. वर्कशॉपात सात लेथ, एक मालक, वीसेक पुरुष आणि मी.

हे वर्कशॉप पूर्वी साखर कारखान्यांवर जगायचं. राहात्याकडून पंपांचे झिजलेले दांडे यायचे आणि नवे होऊन परत जायचे. पासष्टच्या लढाईनंतर हळूहळू लष्कराची कामं यायला लागली. नगरात रणगाड्यांचं कुणाला नवल नाही. रस्त्यानं रणगाडा गेला की फडताळातली भांडी वाजायची आणि आई म्हणायची, "गेलं बाई एकदाचं!" पण ते सगळे विलायती, नाहीतर विलायती घडणीचे. मग रशियन रणगाडे आले. माझ्या भावाच्या वाट्याला रशियनच आला. त्याचं पत्र यायचं, "आक्का, ह्याच्यात बसायचं म्हंजी कणगीत बसल्यागत हाय. पन पळतंय लई."

रणगाडे आले खरे, पण त्यांचे सुटे भाग बोटीनं यायचे, आणि बोट काही आपल्या गरजेकडं बघून निघत नाही. म्हणून वर कुणीतरी ठरवलं की बारीकसारीक भाग इथंच करून घ्यायचे. त्यातला एक भाग आमच्याकडे आला. त्याला बुश म्हणतात. धातूची आखूड, जाड नळी. रणगाडा वळवायला ड्रायव्हरच्या हाताशी दोन दांडे असतात, त्यांच्या सांध्यात हा बुश बसतो आणि त्याच्या पोटात दांड्याची पिन फिरते. हाताच्या मुठीत मावेल एवढा जीव. मी त्याचं रशियन ड्रॉइंग पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. अर्धी अक्षरं ओळखीची आणि अर्धी उलटी टांगलेली! पुण्याहून एक रशियन शिकलेला तरुण दुभाषा यायचा, तो खाली इंग्रजीत अर्थ लिहून द्यायचा, मग मी सगळं उतरवत असे.

आणि रशियाच्या मैत्रीचं म्हणाल, तर सगळं काही सांगत नव्हते हो ते लोक. आकार दिला, मापं दिली, पण धातूत काय किती मिसळायचं, भट्टीत किती तापवायचं, ते रकाने कोरे. शेजारीण वाटीभर आमटी देते आणि मसाला विचारला की "अंदाजानंच घालते हो" म्हणते, तसला प्रकार. आमच्या मालकांनी तीन वेळा लिहून विचारलं, तिन्ही वेळा उत्तर नाही. शेवटी नमुन्याचा तुकडा कापून, ठोकून, तासून आमच्या लोकांनी आपलं आपण शोधून काढलं. त्याचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

ते शोधून काढणारे म्हणजे आमचे उस्ताद. साठीला टेकलेले, नगरच्या जुन्या वस्तीतले मुसलमान टर्नर. इंग्रजांच्या काळात लष्करी वर्कशॉपात हाताखाली शिकले आणि तिथंच पिकले. निवृत्त झाल्यावर मालकांनी त्यांना हातापाया पडून आणलं होतं. त्यांच्या लेथपाशी उभं राहिलं की मला वेळेचं भान राहत नसे. माप घेताना ते डोळे मिटायचे. बोटानं चाचपायचे आणि सांगायचे, "अजून एक केस." आणि तेवढंच असायचं.

आता हा केस काय, ते सांगते, कारण सगळं रामायण त्या केसानंच घडवलं. विलायती रणगाडे जुने, झिजलेले. कुठलीही दोन भोकं सारखी नाहीत. म्हणून नगरच्या टर्नर लोकांची पिढ्यान्पिढ्यांची पद्धत अशी की कुठलाही भाग केसभर मोठाच ठेवायचा. मग फिटर तो कानशीनं घासून त्या त्या रणगाड्यात बसवून घेणार. उस्ताद म्हणायचे, "पोरी, कमी झालं तर भंगार, जास्त ऱ्हायलं तर कामाला येतं. फिटरला कानस दिलीया ती काय कान कोरायला?" यावर सगळे हसायचे. मीही हसायचे. जन्मात उस्तादांचा एक भाग परत आलेला नव्हता.

पण रशियन ड्रॉइंगवर मोठ्या आकड्याशेजारी दोन बारीक आकडे होते. ते मीच उतरवले होते, म्हणून मला त्यांचा अर्थ ठाऊक होता: थोडं कमी चालेल, जास्त अजिबात नको. पहिला लॉट तयार झाला त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी सहज मायक्रोमीटर घेतला आणि एक बुश मोजला. केसभर जास्त. दुसरा मोजला. तोही. पाच मोजले, पाचही तसेच. मी उस्तादांकडे गेले. त्यांनी माझ्या हातातून बुश घेतला, पायजम्याला पुसला, उजेडात धरला. काय चमकत होता म्हणून सांगू! म्हणाले, "पोरी, कागद काढनं तुझं काम, लोखंड ओळखनं माझं." मला राग आला, पण वडीलमाणूस! दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. त्यांचीही सगळी हयात विलायती रणगाड्यांत गेलेली. त्यांनी बुश हातात घोळवले, वा उस्ताद म्हणाले आणि पास केले. साहेबांनीच पास केल्यावर मी कोण टिकोजीराव? मी गप्प बसले. माल पेटीत भरला आणि गेला.

त्या पावसाळ्यात दिल्लीत रशियाशी मैत्रीचा करार झाला. मालकांनी पेढे वाटले. "आता बघा, वर्कशॉपात दिवसपाळी नि रातपाळी!" म्हणाले. खरंच दुसरी, मोठी ऑर्डर आली, आणि दसरा झाल्यावर चारपाच दिवसांनी साक्षात एक रशियन तज्ज्ञ आमच्या शेडमध्ये येऊन उभा राहिला. खंडेनवमीला लेथना घातलेल्या झेंडूच्या माळा अजून सुकत होत्या. माणूस दारात वाकून आला, एवढा उंच. नाक उन्हानं सोललेलं. बरोबर तपासणीचे साहेब आणि तो दुभाषा. रशियनानं मालकांनी पुढं केलेले दोन पेढे खाल्ले, बोटं चाटली, आणि मग एक छोटी लाकडी पेटी उघडली.

पेटीत पोलादाचं एक कडं होतं. बस्स. त्यानं दुसऱ्या लॉटच्या ट्रेमधून न बघता एक बुश उचलला आणि त्या कड्यावर उभा धरून सोडला. बुश आपल्या वजनानं कड्यातून खाली पडायला हवा होता. पडला नाही. कड्याच्या काठावर बसून राहिला. दुसरा घेतला. बसून राहिला. तिसरा, चौथा, दहावा. तो प्रत्येक बुश टेबलावर एका ओळीत उभा करत होता, आणि ओळ वाढत होती. शेडमध्ये लेथ आपोआप बंद पडत गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही.  मालकांच्या तोंडात पेढा होता, तो त्यांना गिळवेना.

उस्ताद मात्र शांतपणे पुढं आले. एक बुश घेतला, पॉलिशपेपर घेतला, लेथवर धरला, डोळे मिटले, चार फेरे दिले आणि बुश कड्यावर ठेवला. टप्पकन खाली पडला. आमच्या लोकांनी टाळ्याच वाजवल्या. रशियनही खूश झाला, उस्तादांच्या पाठीवर त्यानं असा काही हात मारला की म्हातारा दोन पावलं पुढं गेला. मग तो दुभाष्याकडं वळून काहीतरी बोलला. दुभाषा जरा घुटमळला.

"साहेब विचारतायत," तो म्हणाला, "लढाई सुरू झाली की हे बाबा रणगाड्याबरोबर जाणार आहेत का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "जाईन की. न्या म्हनावं."

दुभाष्यानं ते सांगितलं. रशियनाचा चेहरा बदलला. तो बोलला ते हळू, थांबत थांबत. त्यांच्या देशातही असेच उस्ताद होते म्हणे. जर्मनीशी झालेल्या लढाईच्या पहिल्याच हिवाळ्यात बहुतेक सगळे संपले. मग कारखान्यात बायका आल्या, शेतावरची माणसं आली, ज्यांनी कधी कानस धरली नव्हती. त्यांना केस काय कळणार? म्हणून हे कडं. पडला तर घ्या, अडला तर टाका. हातात कला नसलेल्या माणसानं करावा आणि जिवाच्या आकांतात दुसऱ्यानं नुसत्या अंगठ्यानं बसवावा, असा भाग पाहिजे. "अडलेला बुश हातोड्यानं ठोकून बसवला," दुभाषा सांगत होता, "तर तो आतून आवळतो. मग दांडा अडकतो. रणगाडा वळत नाही."

रणगाडा वळत नाही! मी तोवर त्या बुशाचं ड्रॉइंग काढलं होतं, तो हाताळला होता, मोजला होता, आणि देवाशपथ सांगते, हे तीन शब्द माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. माझा भाऊ पंजाबात कुठंतरी असल्याच रणगाड्याच्या पोटात बसलेला होता. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "आणि पहिला लॉट?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेबांच्या कपाळावर घाम आला. पहिला लॉट त्यांनीच पास केला होता. "तो... तो तर डेपोतून पुढं गेला असेल," ते म्हणाले. दुभाष्यानं हे रशियनाला सांगितलं का नाही, मला माहीत नाही. मी तोवर खाली बसले होते. उस्तादांनी मला पाणी दिलं. 

माल परत मागवायचं पत्र त्याच दिवशी जाईल, असं साहेब म्हणाले. गेलंही असेल. पण सरकारी पत्र म्हणजे या टेबलावरून त्या टेबलावर, वरातीमागून घोडं. मी ठरवलं, आपण भावाला सरळ लिहायचं: नगरचा बुश दिसला तर हात लावू नको. दुसऱ्या दिवशी मालकांना विचारावं म्हणून त्यांच्या खोलीत गेले. नसतं विचारलं तर बरं झालं असतं. ते खुर्चीतून उठलेच. "वेड लागलंय का तुला? फौजी टपाल उघडून वाचतात. रणगाड्याचा अमुक भाग खोटा आहे असं लिहिलंस तर आधी तू आत, मग मी आत, आणि इथं कुलूप. वीस घरांच्या चुली विझतील." वर हेही म्हणाले, "सरकार बघून घेईल. तू कोण?"

मी घरी आले. पत्र लिहून ठेवलेलं होतं, अंतर्देशीयावर, चिकटवायचं तेवढं बाकी. आई पलीकडं भाकरी थापत होती. म्हणाली, "झालं का लिहून? त्याला म्हनावं, थंडीचं कानाला बांधत जा." मी ते पत्र फाडलं, चुलीत घातलं आणि दुसरं लिहिलं. त्यात कानाला बांधत जा एवढंच होतं. मी तशी कुणाच्या बापाला न भिणारी. सगळ्या गल्लीत माझ्या तोंडाला भ्यायचे लोक. आणि त्या दिवशी मी भ्याले.

पुढचा महिना वर्कशॉपात जे चाललं ते बघवत नव्हतं. रशियन जाताना ते कडं ठेवून गेला. मालकांनी तशी आणखी करवून घेतली आणि प्रत्येक लेथपाशी एकेक टांगलं. नवशिके चार दिवसांत शिकले. त्यांना काय, पाटी कोरीच होती. उस्तादांचे मात्र हाल कुत्रं खाईना. पस्तीस वर्षं हाताला जे वळण होतं ते मोडायचं. डोळे मिटले की बोटं आपोआप केसभर आधी थांबायची. मग ते चिडून पुढं घ्यायचे आणि बुश बारीक व्हायचा, भंगारात जायचा. उस्तादांच्या लेथखाली भंगाराची पेटी! एकदा मी तिथून जात होते तर स्वतःशीच बोलत होते, "हात ऐकत न्हाई, या अल्ला, हात ऐकत न्हाई." दोस्ती दिल्लीत झाली आणि हात मात्र नगरात बदलावे लागले. पण म्हातारा जिद्दीचा. डोळे उघडे ठेवून काम करायला शिकला. नोव्हेंबरात दुसरा लॉट कड्यातून सगळाच्या सगळा खाली पडला. त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

रोज सकाळी उस्ताद मला एकच विचारायचे, "भावाचं पत्र आलं?" आलं म्हटलं की मान हलवायचे आणि लेथ सुरू करायचे.

मग डिसेंबरात लढाई लागली. नगरात खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर गाड्यांची रीघ, आणि शेजारच्यांच्या रेडिओपाशी सगळी चाळ गोळा. विजयाच्या बातम्या येत होत्या, बायका एकमेकींना साखर देत होत्या. मला साखर कडू लागायची. लढाई संपली तरी भावाचं पत्र नाही. जानेवारीत आलं. पाकिटावर त्याचं नाव, पण अक्षर परकं! आई म्हणाली, "उघड की, बघती काय?" माझी बोटं उघडेनात. आत कुणीतरी त्याच्यासाठी लिहिलं होतं: फौजी इस्पितळात आहे, उजव्या हाताला लागलं आहे, जीव सुखरूप, काळजी नसावी.

तो फेब्रुवारीत घरी आला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधली तिन्ही बोटं नाहीत. आईनं तो हात मांडीवर घेऊन जो हंबरडा फोडला तो मी सांगणार नाही. चारपाच दिवसांनी, एका रविवारी, उस्ताद केळी घेऊन त्याला बघायला आले. भावानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "आमच्या वर्कशॉपातले आहेत." आई चहा ठेवायला उठली. उस्तादांनी जपून विचारलं, "बाळ, झालं कसं?"

भाऊ गप्प माणूस. पण त्या दिवशी बोलला. लढाईच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रणगाडे पुढं काढायचे होते. त्याच्या दांड्याचा बुश झिजला होता, बदलायला हवा होता. स्टोअरवाल्यानं दोन बुश आणून दिले. एक रशियन, मेणकागदात, ग्रीसमध्ये बुडवलेला. दुसरा साध्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "आन् पेपर कुठला आसंल, आक्का? आपल्या नगरचा!" सांगताना त्याच्या डोळ्यांत अजून ती चमक होती. "काष्टीच्या बाजाराची बातमी हुती त्यात. बैलांची आवक कमी झाली म्हनून. मी ती पोरांना वाचून दाखवली. त्यांना हिंदीत सांगितली. सगळी हसली मला."

पॅकिंगची रद्दी मीच पुरवत असे. आमच्याच घरात आलेले पेपर. 

"मग म्हटलं, हा तर आक्काच्या वर्कशॉपातला. हिनं कागद काढला आसंल ह्याचा. रशियन ठेव बाजूला, दे आपलाच." तो थांबला. "बसंना, आक्का. काय केल्या बसंना. वरून कमांडर वरडतोय, बाकीची इंजनं चालू झाल्याली. मी म्हटलं ठोक, मी धरतो. जोडीदारानं हातुडा मारला. दोन घाव बरोबर पडले, तिसरा निसटला."

त्याला मागं नेलं. त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर चढला. रशियन बुश अंगठ्यानं बसला, रणगाडा निघाला, आणि थोड्याच अंतरावर ड्रायव्हरच्या जागेखाली सुरुंग फुटला. बाकीचे वाचले. तो नवा ड्रायव्हर गेला. जळगावकडचा होता, भावाहून वर्षानं लहान.

आई दारात चहा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. चहा खाली ठेवून तिनं हात जोडले. "देवानंच धाडला बाई तो बुश! बोटं गेली, पन लेकरू ऱ्हायलं. ज्यानं कुनी केला आसंल त्याला आयुष्य लाभू दे."

उस्ताद उठून उभे राहिले. "वैनी," म्हणाले, "तो मीच केला."

आईनं पुढं होऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. माझ्या म्हाताऱ्या, सोवळ्या आईनं! उस्ताद लाकडासारखे उभे. हात सोडवून घ्यायचं त्यांना धाडस होईना. तोंड पांढरं पडलं होतं.

"आये, सोड ते हात," भाऊ एकदम ओरडला. "त्याची आय जित्ती हाय तिकडं!"

आईनं हात सोडले.  उस्तादांनी भावाला विचारलं, "त्याचा पत्ता ठावं हाय का?" भावाला पाठ होता. त्यानं सांगितला, मी वहीच्या पानावर उतरवून दिला. उस्तादांनी तो टोपीत ठेवला आणि चहा न घेता गेले. पुढं आठवड्याभरात ते जळगावकडं जाऊन आले. कुठं उतरले, कुणाशी काय बोलले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आल्यावर महिनाभर काम केलं आणि नोकरी सोडली.

पण ते नंतरचं. त्या रविवारी उस्ताद गेल्यावर मी भावासमोर बसले आणि म्हटलं, "मी मोजला होता रे. केसभर जास्त होता. मला माहीत होतं."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. "कवापासनं?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"म्हंजी मला दोन पत्रं धाडली त्याच्या आधी."

"हो."

"मग लिहिलं का न्हाईस?"

मालकांचं सांगता आलं असतं. टपाल उघडतात, वीस घरांच्या चुली विझतात, सगळं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "भ्याले."

 त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. चहा निवला होता. त्यानं डाव्या हातानं कप उचलला आणि बशीत ओतायला गेला, पण बशी धरायला दुसऱ्या हाताला जमेना, कप कलंडला. मी पटकन पुढं झाले.

"ऱ्हाऊ दे आक्का," तो म्हणाला. "माझं मी बघतो."